मंदी आली आणि बेरोजगारीचा दर उतरला : चाकण पट्टा, २०१८ ते २०२१

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात २०१८-१९ साली देशातल्या बेरोजगारीचा दर ५.८ टक्के होता. पुढच्या वर्षी तो ४.८ टक्के झाला आणि त्याच्या पुढच्या वर्षी ४.२ टक्के. याच तीन वर्षांत अर्थव्यवस्थेची वाढ ६.५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आसपास आली आणि नंतर शून्याच्याही खाली गेली. सुधारित आकड्यांनुसार २०२०-२१ मध्ये देशाचं उत्पन्न ५.८ टक्क्यांनी आकुंचन पावलं. सर्वेक्षणाचं वर्ष तेव्हा जुलै ते जून असायचं आणि उत्पन्नाचं एप्रिल ते मार्च, त्यामुळे दोन्ही मालिका तंतोतंत जुळत नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. उत्पादन खाली गेलं आणि बेरोजगारीही खाली गेली.

प्रथम वर्षाच्या पुस्तकात याच्या बरोबर उलट लिहिलेलं असतं. तेजी, घसरण, मंदी, पुनरुज्जीवन अशी लाट काढायची आणि खाली लिहायचं की मंदीत बेरोजगारी वाढते. विद्यार्थी हे पाठ करतात आणि ते चूकही नाही. अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारीचा दर १४.७ टक्क्यांवर गेला, म्हणजे पुस्तकात लिहिलंय तसंच घडलं. मग आपल्याकडे काय झालं? आकडे खोटे आहेत, असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. माझं म्हणणं वेगळं आहे. आकडे जे मोजतात ते नीट मोजतात. आपल्या कामगाराचं काम जातं तेव्हा तो ज्या वाटेने जातो, त्या वाटेवर हा आकडा उभाच नसतो. ती वाट कळण्यासाठी एकच जागा घेऊन पाहू : पुणे जिल्ह्यातला पिंपरी-भोसरी-चाकण पट्टा आणि २०१८ च्या पावसाळ्यापासून सुरू झालेली वाहनउद्योगाची घसरण.

घसरण कशी सुरू झाली

२०१८ चा पूर्वार्ध तेजीचा होता. कारखाने भरभरून चालत होते आणि कंत्राटदारांना माणसं कमी पडत होती. २०१८-१९ या आर्थिक वर्षात देशात ३३.७७ लाख प्रवासी गाड्या, २.१२ कोटी दुचाक्या आणि १०.०७ लाख व्यापारी वाहनं विकली गेली. वर्षभराची बेरीज पाहिली तर सारं ठीक दिसतं, पण त्या वर्षाचा उत्तरार्ध पूर्वार्धासारखा नव्हता.

तीन गोष्टी लागोपाठ घडल्या. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रकच्या ॲक्सलवर (चाकांच्या आसावर) टाकता येणाऱ्या भाराची कायदेशीर मर्यादा वाढवली. मालवाहू वाहनांची क्षमता त्यामुळे सुमारे २० ते २५ टक्क्यांनी वाढेल, असं सरकारनेच सांगितलं होतं. सप्टेंबरपासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नव्या मोटारीचा तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम भरणं सक्तीचं झालं. त्यामुळे शोरूममधून गाडी बाहेर काढताना हातात लागणारी रक्कम वाढली. त्याच सुमारास आयएल अँड एफएस ही सुमारे ९१ हजार कोटी रुपयांच्या कर्जाखालची वित्तसंस्था हप्ते थकवू लागली आणि १ ऑक्टोबरला सरकारने तिचं संचालक मंडळ बरखास्त केलं. बिगरबँक वित्तकंपन्यांना उसने पैसे मिळणं महाग झालं. तालुक्याच्या गावातली दुचाकी आणि एका ट्रकच्या मालकाचा ट्रक याच कंपन्यांच्या कर्जावर विकला जातो. कर्ज आटलं तसं गिऱ्हाईकही आटलं.

यातली एकही गोष्ट चाकणमध्ये घडलेली नाही. मुंबईत एक वित्तसंस्था हप्ता चुकवते आणि सहा-आठ महिन्यांनी चाकणजवळच्या महाळुंग्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाचा ओटी (ओव्हरटाइम) बंद होतो. व्यापारचक्र असंच प्रवास करतं, म्हणून एखाद्या गावात बसून ते समजत नाही.

आधी ट्रक का कोसळले

२०१९-२० मध्ये प्रवासी गाड्यांची विक्री सुमारे १८ टक्क्यांनी घटून २७.७३ लाखांवर आली. दुचाक्याही साधारण तेवढ्याच घटून १.७४ कोटींवर आल्या. व्यापारी वाहनं मात्र जवळजवळ २९ टक्क्यांनी पडली आणि ७.१८ लाखांवर आली. मीठ, साबण, चहापत्ती यांची विक्री एका वर्षात अशी पडत नाही. टिकाऊ वस्तूची खरेदी पुढे ढकलता येते, जुनी गाडी आणखी दोन वर्षं चालवता येते. ट्रक तर हौसेची वस्तूच नाही. माल वाढला तरच माणूस ट्रक घेतो.

याला अर्थशास्त्रात प्रवेगक तत्त्व म्हणतात. एक साधं गणित मांडतो, त्यातले आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. समजा, देशातला माल वाहायला १,००० ट्रक लागतात आणि दरवर्षी त्यातले १०० भंगारात जातात. माल ८ टक्क्यांनी वाढला तर ८० ट्रक जास्तीचे लागतील. कारखान्याला मागणी १८० ची. पुढच्या वर्षी मालाची वाढ २ टक्क्यांवर आली. लक्षात घ्या, माल घटलेला नाही, वाढतोच आहे, फक्त सावकाश. आता जास्तीचे २० आणि बदलीचे १०० मिळून मागणी १२० ची. मालवाहतूक वाढत असताना ट्रकच्या कारखान्याचं एक तृतीयांश काम गेलं.

आता भाराची मर्यादा आणा. ताफ्याची क्षमता प्रत्यक्षात १० टक्केच वाढली असं धरू. भंगार वगळून उरलेले ९०० ट्रक आता जुन्या हिशेबाने ९९० ट्रकांचं काम करतात. गरज १,०२० ची, म्हणजे कमी पडतात ३०, आणि तेही नव्या क्षमतेचे २७-२८ ट्रक घेतले की भागतं. मागणी १८० वरून तिशीच्या आत आली. प्रत्यक्षात एवढी टोकाची घसरण झाली नाही, कारण सगळे मालक एकाच वेळी इतका काटेकोर हिशेब करत नाहीत. पण मोटारींपेक्षा ट्रक इतके जास्त का पडले, ते या बेरजेत दिसतं. आधीच भरून चालणारे ट्रक जास्तीचा माल उचलू शकतात, हा निर्णय देशाच्या दृष्टीने चांगलाही असू शकतो. वाहतूक स्वस्त होते. पण त्याची किंमत एका विशिष्ट ठिकाणी, एका विशिष्ट वर्षी, विशिष्ट माणसांना मोजावी लागली आणि ती कोण भरून देणार, याची तरतूद निर्णयात नव्हती.

जुलै २०१९ : दोन आकड्यांमधलं अंतर

या प्रकरणातला सगळ्यात शिकवणारा महिना जुलै २०१९ चा. वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेने जाहीर केलं की प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या जुलैतल्या २.९१ लाखांवरून २.०१ लाखांवर आली, म्हणजे ३१ टक्के घट. जवळपास १९ वर्षांतली ही सर्वांत मोठी घसरण होती आणि वर्तमानपत्रांचे मथळे त्यावरच होते. त्याच महिन्यासाठी विक्रेत्यांच्या फाडा या संघटनेचा आकडा होता २.४३ लाख, घट ११ टक्के.

कोण खरं? दोघंही. सियाम मोजते ते कारखान्यातून विक्रेत्याकडे गेलेल्या गाड्या. फाडा मोजते ते गिऱ्हाइकाच्या नावावर चढलेल्या गाड्या. विक्रेत्यांनी २.४३ लाख गाड्या विकल्या आणि कारखान्यांकडून २.०१ लाखच उचलल्या. मधल्या ४२ हजार गाड्या त्यांच्या आवारात आधीच उभ्या होत्या. विक्री मंदावल्यावर उभ्या मालावर व्याज चढतं, म्हणून विक्रेता आधी साठा उतरवतो. शिवाय १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ या नव्या प्रदूषण-मानकाचं इंजिन सक्तीचं होणार होतं आणि त्या तारखेनंतर जुन्या इंजिनाची गाडी विकता येणार नव्हती. तेव्हा साठा उतरवणं भागच होतं.

यालाच साठ्याचं चक्र म्हणतात. गिऱ्हाईक ११ टक्क्यांनी मागे सरलं की कारखाना ३१ टक्क्यांनी मागे सरतो. कारखान्याला सुटे भाग पुरवणारा व्हेंडरही आपल्याकडचा साठा उतरवतो आणि भोसरीतल्या जॉबवर्क करणाऱ्या दोन-तीन मशीनच्या गाळ्यापर्यंत पोचेस्तोवर कित्येकदा ऑर्डर शून्यावर येते. साखळीत जो सगळ्यात शेवटी, त्याच्या वाट्याला सगळ्यात मोठा झटका. आणि कामगार संख्येने सगळ्यात जास्त तिथेच असतात.

यात अपेक्षांचाही भाग होता. मोटारींवरचा २८ टक्के जीएसटी कमी होणार, अशी चर्चा उन्हाळ्यापासून होती. कर उतरणार असं ऐकल्यावर गाडी आत्ता कोण घेईल? चर्चेनेच विक्री पुढे ढकलली. २० सप्टेंबर २०१९ ला गोव्यात झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत ही कपात झालीच नाही.

काम कोणत्या क्रमाने जातं

पुस्तकातल्या बाजारात मागणी घटली की मजुरीचा दर उतरतो आणि काम टिकतं. कारखान्यात असं होत नाही. पर्मनंट कामगारांचा वेतनकरार झालेला असतो, साधारण तीन वर्षांचा, कधी त्याहून थोडा जास्त, आणि तो मधेच मोडता येत नाही. मोडावा असंही मला वाटत नाही. घराचा हप्ता, मुलांची फी त्या करारावर उभी असते. पण मजुरी लवचीक नसेल तर संख्या लवचीक होते आणि संख्येची सगळी लवचीकता एका गटावर येते.

क्रम असा असतो. आधी ओटी बंद. मग तिसरी शिफ्ट बंद. मग टेम्पररी, कंत्राटी आणि ट्रेनी मुलांना ब्रेक, म्हणजे काम थांबवून घरी पाठवणं. त्यानंतर ब्लॉक क्लोजर, म्हणजे ठरावीक दिवस पूर्ण प्लांट बंद. त्या तिमाहीत ८ ते १४ दिवस उत्पादन बंद ठेवणार, असं महिंद्रा अँड महिंद्राने ऑगस्ट २०१९ मध्ये शेअर बाजाराला कळवलं होतं. पुण्यातल्या इतर मोठ्या कारखान्यांतही तेव्हा असे बंद दिवस पाळले गेले. पर्मनंट कामगाराला ब्लॉक क्लोजरमध्ये रजा, भरपाईची पाळी किंवा कमी पगार असा काहीतरी मार्ग निघतो. ब्रेक मिळालेल्याला मार्ग नसतो.

‘ब्रेक’ हा शब्द चाकणमध्ये दहावीच्या मुलालाही माहीत असतो. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की ती एक वर्षाची सलग सेवा धरली जायची आणि कामावरून कमी करताना नोटीस व भरपाई द्यावी लागायची. म्हणून भरती सात महिन्यांची. सात महिने झाले की ब्रेक. तेजीत याचा त्रास कमी वाटतो, कारण एका गेटवर ब्रेक मिळालेला मुलगा पंधरा-वीस दिवसांत दुसऱ्या गेटवर उभा राहतो. अर्थशास्त्राच्या भाषेत ही घर्षणात्मक बेरोजगारी : काम आहे, माणूस आहे, मधे थोडा वेळ जातो. २०१९ च्या उन्हाळ्यात तोच मुलगा, तीच आयटीआय, तेच कसब, पण दुसरं गेटही बंद होतं. बेरोजगारीचा प्रकार बदलला, ती चक्रीय, म्हणजे मंदीत मागणीच घटल्याने येणारी, झाली. मुलाच्या बाजूने काहीच बदललं नव्हतं. त्याला मात्र आपलंच काहीतरी चुकलं, असं वाटत राहतं.

विक्रीच्या बाजूलाही हेच चाललं होतं. मे ते जुलै २०१९ या तीन महिन्यांत देशभरातल्या शोरूममधून सुमारे २ लाख माणसं कमी केली गेली, असा फाडाचा अंदाज होता.

आणि कारखान्याच्या गेटबाहेर? चाकणच्या आसपास निघोजे, कुरुळी, खराबवाडी, महाळुंगे या गावांत शेतकऱ्यांनी जमिनीच्या तुकड्यावर खोल्या बांधल्या आहेत. समजा, चार मुलं एका खोलीत राहतात, मेसचा डबा खातात, महिन्याला घरी पाच-सहा हजार पाठवतात. चौघांना ब्रेक मिळाला की खोलीचं भाडं थांबतं, मेसवालीचे चार डबे कमी होतात, ती भाजी कमी घेते, भाजीवाला आपली दुचाकी घेणं पुढे ढकलतो. ती दुचाकी याच पट्ट्यात बनते. गुणकाची साखळी अशी फिरून पुन्हा त्याच गेटाशी येते. पुस्तकात सीमांत उपभोग प्रवृत्तीचं, म्हणजे हाती आलेल्या जास्तीच्या रुपयातला किती भाग खर्च होतो त्याचं, सूत्र असतं. ज्याच्या हातात पैसा टिकतच नाही, त्याची ही प्रवृत्ती एकाच्या जवळ असते, म्हणून त्याचं उत्पन्न गेलं की गुणकाचा फटका सगळ्यात मोठा बसतो.

मग तो आकड्यात का दिसत नाही

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. परभणी किंवा बुलढाण्याकडचा एक मुलगा डोळ्यासमोर आणू. कोणी विशिष्ट नाही, पण चाकणमध्ये असे हजारोंनी भेटतील. जुलै २०१८ मध्ये तो कामाला लागला. फेब्रुवारीत ब्रेक मिळाला. दोन महिने त्याने गेटं फिरून पाहिली, पैसे संपले, एप्रिलमध्ये गावी गेला. जून २०१९ मध्ये सर्वेक्षणवाला घरी आला.

सर्वेक्षणाची मुख्य मोजणी ‘नेहमीच्या स्थिती’ने होते. मागच्या ३६५ दिवसांत तुम्ही जास्त काळ काय करत होता? सात महिने काम, म्हणून तो रोजगारात. पाच महिने तो रिकामा होता, याला इथे जागाच नाही. बरं, उलट असतं तर? समजा, काम तीनच महिने मिळालं. तरीही तो रोजगारातच, कारण दुय्यम काम ३० दिवस किंवा त्याहून जास्त केलं असेल तर या मोजणीत ते धरलं जातं. आता तोच वर्षभर गावी राहिला आणि वडिलांबरोबर सोयाबीनच्या शेतात राबला तर तो ‘घरच्या उद्योगातला विनावेतन मदतनीस’ होतो. तीही रोजगाराचीच एक रीत. त्या शेताला त्याची गरज नव्हती. तो आला म्हणून एक पोतंही जास्त निघालं नाही. पुस्तकात याला प्रच्छन्न किंवा छुपी बेरोजगारी म्हणतात. चक्रीय बेरोजगारी शहरातून निघते आणि गावाच्या वेशीत शिरताच छुपी होते.

हा नुसता कल्पनाविलास नाही, हे त्याच सर्वेक्षणाच्या दुसऱ्या तक्त्यांत दिसतं. देशातल्या एकूण रोजगारात शेतीचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, २०१९-२० मध्ये ४५.६ झाला आणि २०२०-२१ मध्ये ४६.५. विनावेतन मदतनिसांचा वाटा याच तीन वर्षांत १३.३ वरून १५.९ आणि मग १७.३ टक्क्यांवर गेला. नियमित पगारदारांचा वाटा २३.८ वरून २१.१ टक्क्यांवर उतरला. पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २४.५ वरून ३२.५ टक्क्यांवर चढला. विकास होताना माणसं शेतीतून कारखान्याकडे जातात, हे आपण शिकवतो. इथे ती उलटी चालली. घरात येणारा पैसा घटल्यावर बायकांनी शेळ्या, शिवणकाम, शेतातलं काम वाढवलं असेल, तर तेही रोजगारवाढ म्हणून नोंदलं गेलं. सहभागवाढीतला किती भाग अडचणीपोटी आणि किती खऱ्या संधीमुळे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. काही वाढ आधी न मोजलेलं काम मोजलं गेल्यानेही असू शकते. पण विनावेतन मदतनिसांचा वाटा दोन वर्षांत १३.३ वरून १७.३ टक्क्यांवर जाणं ही चांगल्या काळाची खूण नव्हे.

दुसरी मोजणी आहे ‘चालू साप्ताहिक स्थिती’ची. मागच्या सात दिवसांत कुठल्याही दिवशी एक तास काम केलं का? केलं असेल तर रोजगारात. ही कसोटी आंतरराष्ट्रीय आहे, आपण बनवलेली नाही. श्रीमंत देशांत बेकारभत्ता असतो, त्यामुळे काम गेलेला माणूस सगळं सोडून काम शोधत बसू शकतो आणि आकड्यात दिसतो. आपल्याकडे आठवडाभर पूर्ण रिकामं राहणं ही चैन परवडणारे थोडे. बेरोजगारीचा दर सुशिक्षित तरुणांत सगळ्यात जास्त दिसतो, त्याचंही एक कारण हेच आहे.

साप्ताहिक मोजणी तरीही जास्त संवेदनशील आहे. शहरांत तिचा दर जानेवारी-मार्च २०२० मध्ये ९.१ टक्के होता आणि टाळेबंदीच्या एप्रिल-जून तिमाहीत तो सुमारे २१ टक्क्यांवर गेला. म्हणजे लाट आकड्यात दिसली. दिसण्यासाठी योग्य खिडकी लागते : शहर, तिमाही, आठवडा. वर्ष आणि संपूर्ण देश यांच्या सरासरीत ती बुडून गेली. परीक्षेत ‘भारतातील बेरोजगारीचा दर सांगा’ असा प्रश्न येतो तेव्हा विद्यार्थ्याने आधी विचारायला हवं : कोणत्या स्थितीचा?

आधार कुठे होता

मंदीत उत्पन्न आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेला स्वयंचलित स्थिरक म्हणतात. बेकारभत्ता हे त्याचं नेहमीचं उदाहरण. आपल्याकडे राज्य कामगार विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना जुलै २०१८ पासून, म्हणजे घसरण सुरू होतानाच, अमलात आली. सरासरी मजुरीच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. अट होती किमान दोन वर्षं विम्याच्या नोकरीत असण्याची आणि त्यातल्या प्रत्येक सहामाहीत किमान ७८ दिवसांचं योगदान भरलेलं असण्याची. सात महिन्यांच्या ब्रेकवर जगणाऱ्या, ठेकेदार बदलत राहणाऱ्या मुलाला ही अट पार करणं किती अवघड, हे वेगळं सांगायला नको. २०२० मध्ये रक्कम ५० टक्क्यांवर नेली आणि अटी सैल केल्या, हे योग्यच झालं. ते वर्षभर आधी व्हायला हवं होतं.

सरकारने २०१९ मध्ये केलं काय? रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०१९ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, ६.५० वरून ५.१५ टक्क्यांवर आणला. पण ज्या वित्तकंपन्यांकडून दुचाकीचं कर्ज मिळतं त्या स्वतःच पैशासाठी चाचपडत होत्या. दर उतरले, कर्ज वाहिलं नाही. २० सप्टेंबरला, गोव्यातल्या त्याच दिवशी, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपनीकराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणि नव्या कारखान्यांसाठी १५ टक्क्यांवर आणत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे वर्षाला १.४५ लाख कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल, असा अंदाज होता. दीर्घकाळासाठी हा निर्णय समर्थनीय असू शकतो. पण गोदामं भरलेली असताना आणि तिसरी शिफ्ट बंद असताना कर वाचला म्हणून कोणी नवी लाईन टाकत नाही. दुखणं मागणीचं होतं, औषध पुरवठ्याचं दिलं गेलं. हे मी आज नव्याने म्हणत नाही, तेव्हाही अनेक अर्थतज्ज्ञ म्हणत होते.

खरा आधार दिला तो गावाकडच्या एका जुन्या महाराष्ट्री कल्पनेने. १९७२ च्या दुष्काळात दगड फोडणाऱ्या लाखो हातांच्या अनुभवातून आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसायकर बसवला गेला. मुंबईच्या पगारातून मराठवाड्यातल्या मजुराची हमी, ही त्या कायद्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. पुढे देशाचा मनरेगा कायदा आला त्यामागे हा अनुभव होता. मनरेगात २०१९-२० मध्ये सुमारे २६५ कोटी मनुष्यदिवस काम निघालं होतं, २०२०-२१ मध्ये ते सुमारे ३८९ कोटींवर गेलं. मागेल तेव्हा काम, म्हणून मंदीत ते आपोआप वाढलं : हाच स्वयंचलित स्थिरक. पण २०२०-२१ मध्ये महाराष्ट्रातला दर होता दिवसाला २३८ रुपये. फिटरचं किंवा वेल्डरचं काम शिकलेला हात तिथे फावडं धरतो. उपासमार टळते, शिकलेलं कसब विसरू लागतं. आणि शहरात अशी हमी नाहीच. ब्रेक मिळालेल्या मुलाला आधार हवा असेल तर शहर सोडावं लागतं.

ही मंदी चक्रीय होती का

त्या वेळी एक युक्तिवाद असा होता की हे चक्र नाहीच, हा रचनेतला बदल आहे. तरुण आता ओला-उबरने फिरतात, विजेच्या गाड्या येणार आहेत, मोटारीचा जमाना संपला. तसं असतं तर बेरोजगारी संरचनात्मक ठरली असती आणि इलाजही वेगळा लागला असता : नवं कसब, नवा उद्योग. संरचनात्मक बेरोजगारी महाराष्ट्राला परकी नाही. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावातले कितीतरी साचे (माग) परत फिरलेच नाहीत.

मोटारींच्या बाबतीत उत्तर मिळालं. २०२२-२३ मध्ये ३८.९० लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या, तोवरचा उच्चांक. व्यापारी वाहनंही ९.६२ लाखांपर्यंत परत आली. कर्ज, साठा, करोना यांचा फेरा सरला आणि मागणी उभी राहिली. दुचाकीचं मात्र तसं झालं नाही. २०२१-२२ मध्ये ती १.३५ कोटींपर्यंत खाली गेली आणि २०२४-२५ मध्येही, १.९६ कोटींवर, २०१८-१९ च्या आकड्याच्या मागेच होती. किमती वाढल्या हे एक कारण. दुसरं कारण गिऱ्हाईक कोण, यात आहे. मोटार घेणाऱ्याचा पगार टाळेबंदीतही चालू होता. दुचाकी घेणारा म्हणजे भाजीवाला, मेसवाली, ब्रेक मिळालेला मुलगा.

चाकणचे प्लांट पुन्हा तीन शिफ्टमध्ये चालू लागले, गेटवर पुन्हा भरतीच्या पाट्या लागल्या, सात महिन्यांच्याच. आणि सर्वेक्षणाच्या त्या दुसऱ्या तक्त्यात २०२३-२४ साली शेतीचा वाटा ४६.१ टक्के होता. घसरण सुरू होण्याच्या वर्षी तो ४२.५ होता.